तीन ब्राउझर, दोन सह्या

पावणेपाचला उमाजी वायकर उठला. तो नळाला पाणी यायचा दिवस नव्हता, आणि कामावर जायचं तर गेल्या उन्हाळ्यापासून कामच नव्हतं. तो उठला लॅपटॉपसाठी. लॅपटॉप सुनेचा. प्राजक्ता पुण्याची, घरी बसून लोकांना वेबसाइट करून द्यायची. साडेआठला ती कामाला बसे. तोवरचे तास उमाजीचे.

उमाजी मोटारी भरणारा माणूस. पंपाची मोटार जळाली की तिच्यातली काळी पडलेली तार काढायची, खाचा घासायच्या, नवा कागद घालायचा, मोजून वेढे घ्यायचे, वार्निश करून भाजायची. गौलीगुड्यातल्या एकाच दुकानात त्याने छत्तीस वर्षं हे काम केलं. शेजारच्या बाकावर शेख गौस. मालक वारला, मुलांनी जागा विकली आणि दोघे एकाच दिवशी रिकामे झाले. एकसष्ट आणि साठ वय. दुसऱ्या दुकानांत रोजावर बोलावत, तेही गर्दी असली तर.

अशात गच्चीबावलीकडच्या एका मोठ्या वसाहतीतून निरोप आला. अठरा पंप. वर्षभराच्या देखभालीचा ठेका. त्यातले बरेच पंप उमाजी-गौसच्याच हातून भरून गेलेले, म्हणून तिथल्या सुपरवायझरला त्यांची आठवण झाली. अट एकच होती. ठेका माणसाला मिळणार नाही, कंपनीला मिळेल. महिन्याच्या तीस तारखेच्या आत नोंदणीचा दाखला आणा, नाहीतर दुसऱ्याला देऊ.

उमाजी काचीगुड्याला मेघनाताईंकडे गेला. मेघनाताई सीए. वडील वकील, आजोबा निजामाच्या वेळचे वकील. घरातलं मराठी अजून जुन्या वळणाचं. त्यांनी त्याला बसवून घेऊन समजावलं. कंपनी म्हणजे कायद्याच्या नजरेत वेगळाच माणूस. तिचं बुडालं तर तुमच्या घरातली भांडी कोणी नेत नाही. पण ती जन्माला घालायला कमीत कमी दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात. नाव आधी राखून घ्यावं लागतं आणि ते वीस दिवसच राखलेलं राहतं. एका कागदात कंपनी काय काम करणार ते लिहायचं, दुसऱ्यात आतला कारभार कसा चालणार ते. कार्यालयाचा पत्ता हवा, त्या पत्त्याचं वीजबिल हवं, घरमालकाचं ना हरकत पत्र हवं. आणि दोन्ही संचालकांच्या डिजिटल सह्या.

शेअर कसे वाटायचे, असं त्यांनी विचारलं. उमाजी म्हणाला, निम्मे-निम्मे. ताई म्हणाल्या, वाद झाला तर दोघांचं मत सारखं पडेल आणि काम अडेल. एकाकडे थोडे जास्त ठेवा. उमाजी ऐकेना. छत्तीस वर्षं अर्धी-अर्धी मोटार भरली होती, आता एक शेअर जास्त कोणाला द्यायचा? ताईंनी तसं लिहून घेतलं.

नाव पहिल्यांदा नाकारलं गेलं. तशाच नावाची कंपनी आधीच होती. दुसऱ्या खेपेस ‘उमागौस मोटर वाइंडिंग प्रायव्हेट लिमिटेड’ मंजूर झालं. ना हरकत पत्रासाठी घरमालकाकडे चार खेपा झाल्या. पहिल्या तीन खेपांना तो झोपलेला होता.

राहिलं ते संगणकाचं काम. ताई सगळं करून द्यायला तयार होत्या. उमाजी म्हणाला, माझ्या वाट्याचं मी करतो, तुमची सही जिथे कायद्याने लागते तिथे तुम्ही करा. ज्या कामात आपला हात लागला नाही त्याची त्याला कधी खात्री वाटली नव्हती.

आणि इथेच ब्राउझर आडवा आला.

सरकारी संकेतस्थळावर खातं उघडून त्याला आपली डिजिटल सही जोडायची होती. सही म्हणजे बोटाएवढी प्लास्टिकची कांडी, टोकन म्हणतात. ती लॅपटॉपला लावायची, एक छोटी खिडकी उघडते, तिच्यात पासवर्ड घालायचा. पण खिडकीच उघडेना. प्राजक्ताच्या लॅपटॉपवर तीन ब्राउझर होते. उमाजी त्यांना चित्रावरून ओळखायचा: चकती, कोल्हा आणि निळा. टोकन विकणारा म्हणाला, निळाच वापरा. ताईंच्या ऑफिसातले म्हणाले, चकती. शेजारचा बँकेतला म्हणाला, कोल्हा, बाकीचे तुमची चोरून नोंद ठेवतात. प्राजक्ता म्हणाली, “बाबा, कुठलाही चालतो. आतली सेटिंग बघावी लागते.” तिने अशा आगंतुक खिडक्यांना परवानगी कशी द्यायची ते दाखवलं, सही वाचणारा छोटा प्रोग्राम बसवून दिला, पासवर्ड ब्राउझरला लक्षात ठेवायला सांगू नका असं बजावलं आणि आपल्या कामाला लागली.

कुठलाही चालतो, हे उत्तर उमाजीला पटलं नाही. दुकानात कोणी “कुठलीही तार चालते” म्हटलं असतं तर त्याला बाहेर काढलं असतं. त्याने वही केली. मोटार तपासताना करायचा तशीच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय झालं ते लिहायचं. चार सकाळी त्याने हे केलं. चकती: खिडकी अडवली, परवानगी दिली. कोल्हा: पान अर्धं उघडलं, पुन्हा उघडलं. निळा: प्रोग्राम दिसत नाही म्हणतो, लॅपटॉप बंद करून चालू केला, दिसला.

एकोणीस तारखेला, त्या पावणेपाचच्या सकाळी, तिन्हींत खिडकी उघडली. चार दिवसांत पहिल्यांदा. त्याच्या बायकोने, अलकाने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली तरी त्याने पाहिलं नाही.

त्याने डब्यातून टोकन काढलं, लावलं. खिडकीत यादी आली. यादीत एकच ओळ होती, बारीक इंग्रजीत. एकच आहे म्हणजे हीच, म्हणून त्याने ती वाचली नाही. निवडली, पासवर्ड घातला. चुकला म्हणून आलं.

पासवर्ड बरोबर होता. त्याने स्वतःच ठेवलेला, स्वतःच्या हाताने वहीत लिहिलेला. त्याने एकेक अक्षर वहीशी ताडून पुन्हा घातला. मग तिसऱ्यांदा. मग चकती बंद करून कोल्हा उघडला. चार दिवस ब्राउझरच खोड्या काढत होते, आजही तेच असणार. कोल्ह्यात तीनदा. निळ्यात तीनदा. प्रत्येक वेळी वहीत वेळ आणि निकाल. तो कुठे घाईत नव्हता. नऊ वेळा घालून झाल्यावर त्याने लॅपटॉप बंद केला, पाच मिनिटं थांबला, चालू केला आणि चकतीत दहाव्यांदा घातला.

या वेळी वेगळा निरोप आला. तो त्याला कळेना. आठ वाजता प्राजक्ता केस पुसत आली तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “तुझे तिन्ही ब्राउझर एका माळेचे मणी.”

तिने वाकून वाचलं. मग यादीतली ती ओळ वाचली.

“बाबा, इथे तर शेख गौस लिहिलंय.”

“कुठे?”

“इथे. हे तुमचं टोकनच नाही. तुम्ही त्यांच्या टोकनला तुमचा पासवर्ड घालत होतात. किती वेळा घातला?”

उमाजीने वही पुढे केली. तिने मोजलं.

“दहा. दहाला ते कायमचं बंद होतं, बाबा. लॉक.”

“कोणी सांगितलं होतं?”

“पाकिटावर छापलंय.”

पाकीट डब्यातच होतं. दोन्ही पाकिटं होती. दोन्ही टोकनं एकाच दिवशी, कोठी भागातल्या एकाच दुकानातून आणलेली, एकाच रंगाची. गौसभाईने आपलं उमाजीकडेच ठेवलं होतं, कारण घरी नातवंडं. उमाजीने दोन्ही पाकिटांतून काढून एका डब्यात टाकली होती. जुन्या दुकानाची रीतच तशी. पाना, पकड, हातोडी, कशावर कोणाचं नाव नसे. हत्यार दुकानाचं, ज्याच्या हाताशी येईल त्याने उचलावं, काम झालं की पुसून डब्यात टाकावं. मोटार खोलताना हाच उमाजी प्रत्येक तारेच्या टोकाला रंगीत दोरा बांधायचा, की जोडताना चूक नको. टोकनांना दोरा बांधायचं त्याच्या मनात आलं नाही. ती त्याला हत्यारं वाटली.

त्याने दुसरं टोकन लावलं. पासवर्ड घातला. पहिल्या फटक्यात घेतला, सही खात्याला जोडली गेली. कोल्ह्यात आणि निळ्यातही लावून पाहिलं. पासवर्ड दोन्हींनी घेतला. चार सकाळच्या वहीकडे त्याने एकदा बघितलं आणि ती मिटून ठेवली.

दहा वाजता गौसभाई आला. उमाजीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही न लपवता. गौसभाई ओट्यावर बसला, सुपारी कातरली, तोंडात टाकली.

“छत्तीस साल में तू मेरा एक पाना वापस नहीं किया,” तो म्हणाला. “अब दस्तखत भी लेके खराब कर दिया.”

“मुझे क्या मालूम, गौस. एक सरीखे दिखते दोनों.”

“हम दोनों भी एक सरीखे दिखते क्या? मेरे कू दाढ़ी है.” मग जरा थांबून, “दस बार कायकू मारा रे? तीन बार में छोड़ देता हर आदमी.”

तीन वेळा करून सोडून देणारा कारागीर त्याने आयुष्यात उभा केला नव्हता.

मेघनाताई चिडल्या नाहीत, पण आवाज कोरडा झाला. त्यांनी सांगितलं की बंद पडलेलं टोकन पुसून घ्यावं लागेल, आतली सही जाईल आणि गौसभाईंना ओळख पटवून नवी काढावी लागेल. कायदा दोन संचालक मागतो तो दोन माणसांची जबाबदारी हवी म्हणून. एकाने दोघांचं सांभाळावं म्हणून नव्हे. ज्याची सही त्याच्या खिशात. उमाजीने मान खाली घालून ऐकलं. वयाच्या अठराव्या वर्षानंतर त्याला कोणी काम शिकवलं नव्हतं.

ओळख पटवायची म्हणजे फोनसमोर बसून आपलं नाव सांगायचं, कार्ड दाखवायचं. गौसभाईने केलं. दोन दिवसांनी ते नाकारलं गेलं. टोपी कपाळावर ओढलेली होती, चेहरा नीट दिसत नव्हता. दुसऱ्यांदा उघड्या डोक्याने, अंगणात, उन्हात. ते मंजूर झालं तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ होती. शनिवार-रविवार कोठीचं दुकान बंद. सोमवारी उमाजी गौसभाईला घेऊन दुकान उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसला. दुकानदाराने टोकन पुढे केलं तेव्हा त्याने ते घेतलं नाही, गौसभाईला घ्यायला लावलं.

सत्तावीस तारखेला कागद गेले. ताईंनी आपली सही त्याच दिवशी केली. आता वरची तपासणी तिच्या वेळेने होणार होती, त्यात कोणाचं चालत नव्हतं. अठ्ठावीस, एकोणतीस. उमाजी दर दोन तासांनी प्राजक्ताला मेल उघडायला लावायचा. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “बाबा, आला की मीच ओरडेन.” ती ओरडली नाही.

तीस तारखेला दुपारी त्याने स्वतः सुपरवायझरला फोन लावला. कागद गेले आहेत, पावती दाखवतो, चार दिवस द्या, असं म्हणाला. पंप तर मीच भरलेत, हेही म्हणाला, जे त्याने एरवी कधी म्हटलं नसतं. सुपरवायझर सभ्य माणूस होता. तो म्हणाला, “वायकरगारू, मला तुमचं काम माहीत आहे. समितीला कागद माहीत आहे.” पहिल्या तारखेला ठेका दुसऱ्या कंपनीला गेला.

दाखला पाच तारखेला आला. प्राजक्ताने तो छापून आणला. अलकाने देवासमोर ठेवू का विचारलं. उमाजी म्हणाला, फाइलला लाव. कंपनी झाली होती. पंप नव्हते.

ताईंनी पुढची यादी सांगितली. तीस दिवसांत लेखापरीक्षक नेमायचा. बँकेत खातं उघडून भांडवल भरायचं आणि ते भरल्याचं कळवायचं. पत्रव्यवहाराच्या कागदावर नोंदणीचा क्रमांक हवा. आणि कार्यालयाबाहेर कंपनीच्या नावाची आणि पत्त्याची पाटी, इथल्या भाषेतही. पाटी नसली तर दंड.

“काम नसलं तरी?” उमाजीने विचारलं.

“काम असण्याशी तिचा संबंध नाही,” ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला उमाजी गौलीगुड्यातल्याच एका दुकानात रोजावर बसला. तिथला मालक त्याच्या मुलाच्या वयाचा. तीन दिवस काम होतं, तीन मोटारी. मालक म्हणाला, काका, वार्निशचा एकच हात द्या, गिऱ्हाईक घाईत आहे. उमाजीने दोन दिले आणि तिसऱ्या संध्याकाळी तासभर उशिरा सुटला. त्या जादा तासाचे पैसे मिळाले नाहीत, त्याने मागितलेही नाहीत.

ते तीन दिवसांचे पैसे तो तसेच सुलतान बाजारच्या मागच्या पेंटरकडे घेऊन गेला. गौसभाई सोबत होता. पेंटरने विचारलं, मराठीतही टाकू का, ओळीमागे वेगळे पडतील. उमाजीने खिशातले पैसे बघितले आणि नको म्हणाला. त्यात दोन बाय दीड फुटांची पत्र्याची पाटी बसली: वर तेलुगूत, खाली इंग्रजीत, उमागौस मोटर वाइंडिंग प्रायव्हेट लिमिटेड, आणि कार्यालयाचा पत्ता. खिळे गौसभाईने घेतले.