मास्तरांचा कुत्रा आणि माझे लोड

पहिलं मंगलाष्टक संपत आलं होतं. अंतरपाट धरलेला. आणि वराची थोरली बहीण कुसुमताई वरपक्षाच्या बैठकीवर लोडाला टेकून श्वास ओढत होती. श्वास आत जाताना शिट्टीसारखा आवाज यायचा. भटजी थांबले. लोकांच्या अक्षता मुठीतच राहिल्या.

वराचे वडील, मौद्याचे विठोबाजी, तिथूनच ओरडले, "मास्तर, कुत्रं कुठी लपवलं?"

मी मांडवाच्या खांबाजवळ उभा होतो. मांडव माझा, गाद्या माझ्या, लोड माझे. कुसुमताईला काय होतं आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं. पुढच्या तासाभरात कळलं. ते मी तिथं बोललो नाही, आणि नंतरही फार वर्षं बोललो नाही. म्हणून आज सगळं क्रमानं लिहितो.

आमच्याकडे मांडववाल्याच्या दुकानाला बिछायत केंद्र म्हणतात. मांडव, कनाती म्हणजे बाजूचे कापडी पडदे, दऱ्या, गाद्या, लोड, जेवणाची भांडी, सगळं आम्ही भाड्यानं देतो. सत्तरच्या दशकात नागपुरात मंगल कार्यालयं थोडी होती. लग्नं बहुतेक घरीच व्हायची. अंगणात मांडव पडला, की ते घर चार दिवस आमचं असायचं.

देवराव मास्तर सक्करदऱ्यात राहायचे. प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यांची मुलगी सुमन, एकुलती एक. लग्नाच्या पंधरा-वीस दिवस आधी मास्तर दुकानात आले. छत्री कोपऱ्यात ठेवली, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बापू, मले सगळं तुझं पाहिजे. घरची एक चादरही वापरायची नाही."

"काहून जी? घरी बिछाने नाहीत का?"

"आहेत न. पण त्याच्यावर काळू झोपते."

काळू म्हणजे त्यांचा कुत्रा. शेपटीपासून नाकापर्यंत काळा. मास्तर शाळेत गेले की फाटकाशी बसायचा आणि ते आल्याशिवाय पाणी प्यायचा नाही. त्यांच्या बायकोचा, मास्तरीणबाईंचा, तर फारच लाडका.

मास्तरांनी मला समजावून सांगितलं. वराच्या बहिणीला कुत्र्यामांजराच्या केसांनी दम लागतो. डॉक्टरनं त्याला ॲलर्जी म्हणतात असं सांगितलं आहे. जनावर समोर नसलं तरी त्याचा केस अंथरुणाला राहिला, की तिचा श्वास कोंडतो.

मी ॲलर्जी हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मी हसलो. "मास्तरजी, कुत्रं चावल्यानं माणूस आजारी पडते हे माहीत आहे. पण केसानं?"

"हसू नको बापू. विठोबाजीनं साफ सांगितलं, घरात जनावर असन तर सोयरीक नाही. म्या शब्द देल्ला आहे."

त्यांनी तो शब्द कसा पाळला ते मी डोळ्यांनी पाहिलं. मास्तरीणबाईंचा भाऊ कुहीहून बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन आला आणि काळूला शेतावर घेऊन गेला. बंडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बाई फाटकात उभ्या होत्या. मग घराला चुना दिला. फरशी फिनाइलनं तीनदा पुसली. काळू ज्या आतल्या खोलीत झोपायचा, तिथली बाज उन्हात टाकून तिच्यावर उकळतं पाणी ओतलं. घरचे सगळे बिछाने गाठोडं बांधून शेजाऱ्याकडे पाठवले.

मास्तरांनी मला शेवटी विचारलं, "तुझा माल साफ आहे न?"

"माझा माल म्हणजे धोब्याच्या घरून थेट मांडवात," मी म्हणालो.

हे अर्धं खरं होतं. लोडांच्या खोळी धोब्याकडून येत होत्या. पण सीझनमध्ये मधे दोन-चार दिवस मिळाले, की खोळी चढवलेले लोड गोडाऊनमध्येच रचून ठेवायचो. आणि गोडाऊनमध्ये मांजरं होती. आमच्या धंद्यात मांजर ठेवावंच लागतं. उंदीर कनात कुरतडतात, गादी फोडून कापसात पिल्लं घालतात. माझ्याकडे दोन मांजरं होती, पांढऱ्या-पिवळ्या रंगाची. मऊ जागा सोडून मांजर कशाला दुसरीकडे झोपेल?

लग्नाच्या सकाळी आम्ही माल भरत होतो. नामदेव माझ्याकडचा सगळ्यात जुना माणूस, माझ्यापेक्षा वयानं मोठा. तो म्हणाला, "मालक, या लोडायवर मांजर झोपून राहिली होती. खोळी बदलून घेऊ का?"

"टाइम नाही नामदेव. दुपारी दुसरीकडे मांडव सोडायचा आहे. भर ठेल्यात."

मास्तरांनी मला काय बजावलं होतं, ते त्या क्षणी माझ्या डोक्यातच नव्हतं. मास्तरांचा प्रश्न कुत्र्याचा होता आणि कुत्रं कुहीला गेलं होतं. माझ्या मनात ते प्रकरण तिथंच मिटलं होतं.

वरात चारला आली. वरपक्षाच्या बैठकीवर पांढऱ्या चादरी घातल्या होत्या, मागे लोड लावले होते. कुसुमताई नाजूक प्रकृतीची, म्हणून मास्तरीणबाईंनी स्वतः तिला हाताला धरून बसवलं आणि पाठीशी एक जास्तीचा लोड ठेवला. थोड्या वेळानं ती शिंकू लागली. मग डोळे लाल झाले. गोरज मुहूर्तावर सगळे उभे राहिले, तेव्हा तिला उठताही येईना. पुढे काय झालं ते वर सांगितलंच आहे.

विठोबाजींच्या ओरडण्यावर मास्तर धावत पुढे आले.

"कुत्रं कुहीले आहे जी," मास्तर म्हणाले. "देवाशपथ."

"मग हे काय होऊन राहिलं? पोरायले खरं बोला म्हणून शिकवता न तुमी?"

कोणीतरी म्हणालं, आधी पोरीला आत न्या. मास्तरीणबाई पुढे झाल्या आणि थबकल्या. आत बाज असलेली खोली एकच होती. "तिथं कशी नेऊ?" त्या पुटपुटल्या. "तिथं तर काळू झोपे." हे विठोबाजींच्या बहिणीनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. पण दुसरी जागा नव्हती. दोघींनी कुसुमताईला धरून आत नेलं. तिनं जवळची गोळी घेतली.

वीस-पंचवीस मिनिटांत ती बरी झाली. उठून बसली, पाणी प्याली. "मले आता ठीक वाटते," म्हणाली, आणि भावाचं लग्न पाहायला बाहेर आली. पुन्हा त्याच जागी, त्याच लोडाला टेकून बसली. भटजींनी घसा साफ केला. आणि पाच मिनिटांत पुन्हा ती शिट्टी सुरू झाली.

 कुत्र्याच्या खोलीत बरं वाटतं आणि माझ्या बैठकीवर दम लागतो. हिशोब सोपा होता. मी कोणी पाहत नाही असं बघून बाजूचा एक लोड उचलला आणि खोळ जवळून पाहिली. जाड खादीत केस रुतून बसले होते. पांढरे आणि पिवळे. काळा एकही नाही.

नामदेव माझ्यामागे उभा होता. त्यानंही पाहिलं.

"मालक, सांगा त्यायले."

"चूप."

"मास्तरले चोर ठरवून राहिले हो ते. तुमी सांगता का मी सांगू?"

"नामदेव, काम करायचं असन तर चूप राहा."

त्याच्या घरी खाणारी पाच तोंडं होती. तो चूप राहिला. मी मोठ्यानं म्हणालो, "या चादरीवर पाणी सांडलं वाटते, बदलतो," आणि बैठकीचे सगळे लोड आणि चादरी उचलून नेल्या. कुसुमताईसाठी लोखंडी खुर्ची आणली, फाटकाजवळ वाऱ्यात ठेवली. हळूहळू तिचा श्वास सुधारला. लोकांना वाटलं, बिछायतवाला किती समजदार आहे.

पण तोवर जे व्हायचं ते होत होतं. विठोबाजींनी मुलाला पाटावरून उतर म्हणून सांगितलं. मुलगा उतरला नाही, पण मान खाली घालून उभा राहिला. अंतरपाटाच्या अलीकडे सुमन हार धरून उभी होती.  मास्तर बायकोकडे वळले. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "खरं सांग वं. तू काळूले आणलं होतं का मधात? एखाद्या दिवशी?"

बाईंनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. रडल्या नाहीत. "तुमाले तसं वाटते?" एवढंच म्हणाल्या.

 मास्तरांनी टोपी काढली, विठोबाजींसमोर हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं जी आमचं. पोरीवर राग काढू नका." न केलेल्या चुकीची माफी त्यांनी मागितली. लग्न लागलं. मी दहा हातांवर उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. "मास्तरायची चूक नाही, लोड माझे आहेत." एवढंच.

मी का बोललो नाही? सीझन ऐन भरात होता. सक्करदऱ्याचा बिछायतवाला मांजराचे लोड देतो, ही बातमी नागपुरातल्या महालपासून मौद्यापर्यंत दोन दिवसांत गेली असती. मला दुकानाची भीती वाटली. दुसरं कारण नाही. लग्न तर लागलंच, मग आता कशाला, अशी मी मनाची समजूत घातली. ती समजूत घरी पोहोचेपर्यंतसुद्धा टिकली नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. काळू कुहीलाच राहिला. सुमन माहेरी येऊन गेली की तिच्या कपड्यांवरून केस कुसुमताईपर्यंत जातील म्हणून त्याला परत आणलाच नाही. सुमनला सासरी भाजीत मीठ कमी पडलं तरी ऐकावं लागे, "खोटं बोलणाऱ्याची पोर." मास्तर आणि मास्तरीणबाई एका घरात राहिले, पण शेजारी सांगायचे, बाई त्यांच्याशी कामापुरतंच बोलतात. मास्तर रस्त्यात भेटले की थांबायचे. "त्या दिवशी तूच पोरीले खुर्ची देल्ली बापू," म्हणायचे. मी घाईत असल्याचं सांगून निघायचो. मग ते वारले. मागोमाग बाईही गेल्या. नामदेवनं तर लग्नाच्याच वर्षी माझं काम सोडलं होतं. भांडला नाही. फक्त यायचा बंद झाला.

दुकान आता नातू पाहतो. मी सवयीनं जाऊन बसतो. मागल्या उन्हाळ्यात एक म्हातारी बाई ऑर्डर द्यायला आली. नातीचा साखरपुडा होता. तिनं मौद्याचा, विठोबाजींच्या घराचा पत्ता सांगितला आणि मी ओळखलं. सुमन. केस पांढरे, पण मान ठेवायची पद्धत मास्तरांची.

नातू माल दाखवायला आत गेला. मी तिला सगळं सांगितलं. मांजरं, खोळी, नामदेव, पांढरे-पिवळे केस. सांगताना मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

 ती म्हणाली, "काका, बाबा खोटं बोलत नाहीत हे मले त्या दिवशीही माहीत होतं. मले सांगून काय होते? माझी आई मरेपर्यंत वाट पाहत राहिली, की हे एकदा म्हणतीन, माझं चुकलं, तुझ्यावर शक घेतला. बाबाले वाटे तिनंच आणलं असन. तुमाले एक वाक्य बोलायचं होतं."

"माफी मागतो बाई."

"माफी नका मागू. साखरपुड्याले या. चार लोकायत झालं ते चार लोकायतच सांगा."

मी गेलो. मांडव आमचाच होता, लोड नव्हते. आता सगळीकडे खुर्च्या असतात. सुमननं माइक माझ्या हातात दिला. मी उभा राहिलो आणि सांगितलं, जसं इथं लिहिलं तसंच. समोर दोन-अडीचशे माणसं होती. त्यातली त्या लग्नात असलेली फार तर चार-पाच. बाकीची तरुण मंडळी. मांजर लोडावर झोपली होती म्हटल्यावर त्यांना हसू आलं. एक मुलगा मागून ओरडला, "आजोबा, मग मांजरीले बोलावलं होतं का जेवाले?" सगळा मांडव हसला. सुमनचा नवरा हसला नाही. तो पुन्हा तसाच मान खाली घालून बसला होता.

कुसुमताई आली होती. ऐंशीच्या पुढची. तिनं मला जवळ बोलावलं. "मले त्या आतल्या खोलीत बरं वाटलं होतं," ती म्हणाली. "तेव्हाच मनात आलं होतं, की इथं तर कुत्रं झोपे. पण मी बोलली नाही. बाप रागात होता. आणि मग सुमनच्या घरच्यायची चूक आहे म्हटलं की सगळं सोपं होऊन जाये." मग तिनं सुमनला हाक मारली आणि तिचा हात धरून बसली. त्या दोघी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. ते माझं ऐकायचं नव्हतं.

धंद्यातल्या नव्या पोरांना मी दोन गोष्टी सांगतो. गिऱ्हाइकाच्या घरात कोणाला काय सोसत नाही हे कळलं, की आधी आपलं गोडाऊन बघा. आणि चूक झाली तर मांडव उभा असतानाच बोला. पन्नास वर्षांनी सांगितली, की लोक तिला गंमत म्हणून ऐकतात आणि जेवायला उठतात.