पाहुण्यांचा गॅस

अन्याय झाला तो बाभुळगाव तालुक्यातल्या एका काकूंवर. केव्हा, तेही नेमकं सांगतो: गेल्या उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी. करणारं सरकार नव्हतं. मी होतो, आणि माझ्या हातात त्यांनीच दिलेला चहा होता.

हवामानाबाबत दिलेला शब्द देश पाळतो का, ऊर्जेचं काय करतो, हे गावोगावी पाहून त्याला गुण देणारा अहवाल आमची संघटना काढते. पत्रकं लिहून तयार झालेला मी, घरोघरी गॅस पोचल्याचे सरकारी दावे उघडे पाडायलाच निघालो होतो. काकू पदराला हात पुसत दारात यायच्या. "बस नं बापू. आधी चहा, मंग तुह्या देशाचं पाहू."

पुढच्या खोलीत टेबलावर शेगडी, आरशासारखी लख्ख. त्या काडी ओढायच्या, निळी ज्योत उठायची. तीनदा गेलो, तीनदा चहा घेतला. तिसऱ्यांदा विचारलं, "काकू, स्वयंपाक कशावर?"

"दिसून नाही राह्यलं का? गॅस हाये नं!"

मी 'स्वच्छ इंधन' या रकान्यात खूण केली. त्या खोकत होत्या. मी म्हटलं, "थंड पाणी पिऊ नका." एवढीच माझी अक्कल. त्या गल्लीत घरोघरी मी असाच चहा प्यालो होतो.

अहवाल निघाला. गावाला चांगले गुण पडले. पावसाळ्यात छापील प्रत द्यायला न कळवता सकाळीच पोचलो. पुढच्या खोलीत कोणी नव्हतं, खोकला मागून येत होता. टिनाच्या छपराखाली काकू फुंकणीने पऱ्हाटी पेटवत होत्या. कापूस वेचून झाल्यावर वावरात उरतात त्या काड्या, त्याही ओल्या. धुरात चेहरा दिसेना.

"काहून रे, सांगून येत जाय नं! गॅस पेटवला असता."

"काकू, रोज यावरच?"

"मंग कायवर? सिलिंडर संपलं तं पाहुण्याले का धुरात बसवू?"

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"तू चुलीचं इचारलं कुठी? अन् घरी आलेल्यापुढे कोणी रडगाणं लावते का?"

प्रत पिशवीतच राहिली.

खरा घात पुढेच आहे. छाती तपासणारी फिरत्या दवाखान्याची गाडी कुठल्या गावांत पाठवायची, ते आमच्याच यादीवरून ठरलं होतं. धुराची गावं आधी. हे गाव वगळलं गेलं. गाडी शेजारच्या गावातून परत फिरली.

मी काकूंना यवतमाळला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "विडी ओढता का?" त्या भडकल्या. "मी कायले ओढू विड्या? या पोट्ट्यानं कुठी आणलं मले!" बाहेर आल्यावर त्यावरूनच हसल्या, आणि हसताना दम लागला म्हणून पायरीवर बसल्या. डॉक्टर मला आत म्हणाले होते, फार उशीर केलात.

थंडीत त्या गेल्या. मी संघटनेच्या बैठकीत चूक सांगितली. उत्तर आलं, "पुढच्या अहवालात दुरुस्त करू." हेच उत्तर सरकारने दिलं की आम्ही मोर्चा काढतो.

त्या छपराखाली आता त्यांची सून बसते. तिलाही खोकला लागलाय.

तेव्हा देशाला गुण देणारा असा कागद उद्या तुमच्या हाती आला, तर पुढच्या खोलीत बसू नका. चहाला नाही म्हणा, घरच्यांना राग आला तरी चालेल. मागे जा. तिथे कोण बसलंय ते पाहा आणि मगच लिहा.