बैराग्यांचं स्वयंवर

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, ॲन आर्बरच्या विद्यापीठात मी दोन वर्षं एका पक्ष्याचं गाणं ऐकत होते, आणि तो पक्षी मी एकदाही पाहिलेला नव्हता. कोस्टा रिकाच्या जंगलातला हमिंगबर्ड. अंगठ्याएवढा देह, तपकिरी रंग, वाकडी चोच आणि शेपटीत दोन लांब पांढरी पिसं. या जातीला इंग्रजीत हर्मिट म्हणतात, म्हणजे बैरागी. नाव ठेवणाऱ्यानं त्याला जवळून पाहिलेलं नसावं, कारण हा बैरागी वर्षातले आठ महिने लग्नाच्या खटपटीत असतो.

उजाडलं की नर जंगलातल्या एका ठरलेल्या जागी जमतात, आपापल्या फांदीवर बसतात, शेपूट हलवतात आणि गातात. गाणं म्हणजे एकच सूर, च्विक्, च्विक्, च्विक्. तोही शेजारच्या फांदीवरून उचललेला. मादी येते, ऐकते, एखाद्याला पसंत करते आणि बाकीच्यांकडे ढुंकूनही बघत नाही. मग एकटीच ताडासारख्या झाडाच्या पानाखाली घरटं बांधते आणि एकटीच पिलं वाढवते. नराला त्या घराचा पत्ताही माहीत नसतो.

माझे प्राध्यापक जंगलातून टेप आणत आणि मी त्या यंत्रावर चढवत असे. यंत्रातली सुई फिरत्या कागदावर सूर जाळून उमटवी. त्यामुळे माझ्या केसांना कायम करपलेल्या पापडाचा वास येई. येत्या जानेवारीत मला पहिल्यांदाच जंगलात जायला मिळणार होतं, पाच महिने. त्याशिवाय माझा प्रबंध अर्धाच राहिला असता. पण आईनं नाशिकहून फोनवर बजावलं, "आधी मुलगा बघ, मग पक्षी बघ."

मला धास्ती वाटत होती ती याचीच. आधीचे दोन मुलगे 'जंगल' ऐकून हसले होते, आणि मग अगदी गोड आवाजात म्हणाले होते, "ते कॅन्सल करता येईल ना?"

तिसरा नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून आला. कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. बरोबर त्याची आई, पुण्याहून वर्षभरासाठी आलेली. कार्यक्रम गावातल्या डॉक्टरकाकांच्या घरी होता. काकूंनी आम्हा मराठी विद्यार्थ्यांना दत्तक घेतलं होतं, आणि दत्तकविधानात लग्न लावायचा हक्क त्यांनी गृहीत धरला होता.

बाहेर बर्फ पडत होतं. मी लॅबमधून तशीच बसनं गेले, खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून. काकूंनी मला दारातच हुंगलं. "अगं, कसला हा वास? वर जा, बाथरूममध्ये माझं सेंट आहे, ते स्प्रे कर." पोहे त्यांनीच केले होते. मी ते फक्त आतून बाहेर आणले आणि कौतुक ऐकून घेतलं.

मुलाच्या आईनं नेहमीचे प्रश्न विचारले. शेवटी आला तो प्रश्न, "गाता येतं का?"

"नाही," मी म्हटलं. "पण माझ्याकडे गाणारे आहेत." आणि रेकॉर्डर पोह्यांच्या बशीशेजारी ठेवून बटण दाबलं. काकूंनी डोळे वटारले. मी पाहिलंच नाही असं दाखवलं.

च्विक्, च्विक्, च्विक्. मुलाच्या आईनं मान तिरपी करून ऐकलं.

"हे किती वेळ चालतं?"

"आठ महिने. रोज."

"आणि ती?"

"ती बघायला येते. पटलं नाही तर निघून जाते."

"पोहे न करता?"

"पोहे न करता."

त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग हसता हसताच म्हणाल्या, "मला बघायला आले होते, तेव्हा गायला सांगितलं. मी गायले. पसंत पडले. त्यानंतर त्या घरात मला पुन्हा कुणी गा म्हटलं नाही."

लिंबाची फोड मागावी इतक्या सहज त्या हे बोलल्या. मला फार वाईट वाटलं. मुलानं चमचा खाली ठेवला आणि आईकडे बघत राहिला. त्याला हे माहीत नव्हतं, हे दिसतच होतं.

अवघडलेली शांतता मला सोसत नाही, मी काहीतरी आगाऊपणा करते. मी मुलाला विचारलं, "तुम्हाला गाता येतं का?"

"अगं, काय हे," काकू म्हणाल्या.

"गाणं नाही येत," तो म्हणाला. "पाढे येतात."

"चालतील."

त्यानं पाठ ताठ केली आणि शाळेतल्या चालीवर एकोणतीसचा पाढा म्हटला. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, असा थेट शेवटपर्यंत, न अडखळता. मान तालात हलत होती. शेपटीची तेवढी उणीव होती.

मी सांगून टाकलं, "जानेवारीत मी पाच महिने जंगलात जाणार आहे. कॅन्सल करणार नाही."

त्यानं रेकॉर्डरकडे पाहिलं. मग म्हणाला, "ज्या नरांना कुणीच पसंत करत नाही, ते काय करतात?"

"दुसऱ्या दिवशी त्याच फांदीवर येऊन बसतात."

"आय सी," म्हणून त्यानं आणखी पोहे घेतले. होकार कुणीच दिला नाही. मायलेक परत गेले आणि काकू माझ्याशी आठवडाभर तुटक बोलत होत्या. इतका चांगला मुलगा मी हातचा घालवला, असं त्यांचं मत होतं.

जानेवारीत मी गेले. पहिल्याच सकाळी तो बैरागी पक्षी मला दिसला, गुडघाभर उंचीच्या फांदीवर बसलेला. मला रडू आलं. त्यानं माझ्याकडे लक्षही दिलं नाही, शेपूट हलवत च्विक् च्विक् करत राहिला.

मार्चमध्ये सामानाच्या जीपमधून सनीव्हेलचं पाकीट आलं. आत एक कॅसेट. मी ओंडक्यावर बसून ती लावली. एकोणतीसचा पाढा. संपला की पुन्हा पहिल्यापासून. अख्खी बाजू. मी पोट धरून हसले. दुसऱ्या बाजूलाही पाढाच, पण निम्म्यावर येऊन तो थांबला.

"आई, आता तू गा ना."

बांगड्या वाजल्या. खोकल्याचा आवाज आला. मग त्या गायला लागल्या. आवाज बसलेला, दम अपुरा. एका ओळीवर अडल्या, म्हणाल्या, "थांब हं, विसरले." तो घाई न करता म्हणाला, "आठव." त्यांना आठवलं. पहिलं कडवं झालं, दुसऱ्या कडव्यात आवाज जरा मोकळा झाला, आणि तेवढ्यात टेप संपली. मेल्या पाढ्यानं सगळी जागा खाल्ली होती.

दुपारी मी जंगलाजवळच्या गावातल्या दुकानात गेले, तिथे फोन होता. काकूंना लावला.

"काकू, सनीव्हेलला कळवाल?"

"काय कळवू? होकार?"

"त्याच्या आईंना सांगा, गाणं मध्येच तुटलंय. उरलेलं ऐकायला मी जूनमध्ये येतेय."

"अगं, पण मुलाचं काय?"

"त्याला म्हणावं, तोवर फांदी सोडू नकोस."