कीबोर्डवरचं कुंकू

बारा डिसेंबर. शाळा नुकतीच सुटली होती आणि मी कान कोरायच्या काड्या घेऊन कीबोर्डच्या फटींतलं कुंकू काढत बसले होते. दर्यापूरपासून काळीपिवळी जीपने अर्ध्या तासावरच्या गावात मी तेव्हा सातवीला शिकवायचे. दसऱ्याला त्या गावात विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा होते. मग गावाने गाडीभाड्याची वर्गणी काढून अकोल्याहून आणलेले चार सरकारी संगणक कसे सुटतील? मुख्याध्यापकांनी कीबोर्डना ओल्या कुंकवाची बोटं लावली, झेंडूची फुलं वाहिली, नारळ फोडला आणि वरून प्लॅस्टिकच्या खोळी चढवल्या.

दुसऱ्या दिवशी अमरावतीहून तपासणी पथक येणार होतं. त्यांच्याकडे मी भरून दिलेला तक्ता होता. एकतीस मुलं आणि प्रत्येकापुढे चार रकाने: संगणक स्वतः सुरू करतो, नाव टाईप करतो, फाईल जतन करतो, बंद करतो. मी सगळीकडे बरोबरची खूण केली होती. तक्ता दुपारी मागितला होता, संध्याकाळी हवा होता. विचार करायला वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगत होते. पथकाच्या पत्रात खाली दोन ओळी होत्या. खोटी माहिती आढळली तर नोटीस. संच वापरात नसतील तर ते काढून दुसऱ्या शाळेला.

पहिला कीबोर्ड पाच मिनिटांत झाला. कुंकू जवळपास उरलंच नव्हतं. दुसऱ्याची खोळ काढली आणि हात थांबला. कुंकू दसऱ्याला लावलं तसंच होतं, बोटाच्या रेषांसकट. तिसऱ्यावर तसंच. चौथ्यावर तर झेंडूची वाळकी पाकळी कळांवर चिकटलेली. दोन महिन्यांत त्या कळांना कुणी हातच लावला नव्हता. हे मला माहीत नव्हतं असं नाही. भारनियमनामुळे वीज असली तर असायची, म्हणून मी एकच संगणक लावायचे, एका हुशार मुलीला बसवायचे आणि बाकीचे मागे उभे राहून पायऱ्या पाढ्यासारख्या म्हणायचे. पण माहीत असणं वेगळं आणि समोर असं लाल दिसणं वेगळं. काडी पुन्हा कळांवर टेकवली तेव्हा आपण पुरावा पुसतोय हेही कळत होतं.

मुख्याध्यापक दारात आले. "मॅडम, तुमी कावून एवढा जीव काढून राहिल्या? उद्या त्या पोरीले बसवा पुढं. सायेब पाच मिनिटं पायतीन, चहा घेतीन अन् जातीन."

"आणि साहेबांनी भलत्याच मुलाला बसवलं तर?"

"असं कोनी करते काय?"

"मी केलं असतं."

"म्हनूनच तुमाले कोनी सायेब नाई केलं," म्हणत ते हसले आणि मोटारसायकलची किल्ली शोधत निघून गेले.

मला हसू आलं नाही. तेवढ्यात तीच हुशार मुलगी खिडकीशी आली. आत यायला तयार नव्हती. पायाला शेतातली माती होती आणि संगणकाच्या खोलीत मातीचे पाय आणायचे नाहीत, असा माझाच नियम होता.

"बाई, मी उद्या नाई येत. कापूस वेचाले जा लागते. माय म्हनते, आभाळ भरून राह्यलं, पाऊस आला तर सारा कापूस पिवळा पडीन."

सलग दोन वर्षं त्यांचं पीक हातचं गेलं होतं. तिला थांब म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

"अगं, मग संगणकावर कोण बसेल?"

"कोनालेई बसवा ना. साऱ्यायले येते."

"सगळ्यांना?"

"हो. तोंडानं."

"आणि हातानं?"

ती माझ्याकडे जरा नवलानेच बघत राहिली. "हात तुमी लावूच कुठी देता, बाई?"

एवढं बोलून ती गेली. मी काड्या पाकिटात भरल्या. तिन्ही कीबोर्डवरचं कुंकू तसंच ठेवलं आणि खोलीला कुलूप लावलं. परतताना काळीपिवळीत शेजारची बाई काहीतरी विचारत होती. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. डोक्यात एकच हिशेब चालला होता. खरं सांगितलं तर संच जाणार, खोटं रेटलं तर नोटीस येणार आणि बहुतेक संचही जाणार. मुलांचा फायदा दोन्हींत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली गाडी पकडून साडेसातला शाळेत पोचले. माझ्याकडची तक्त्याची प्रत काढली, लाल पेनाने तीस मुलांपुढच्या खुणा खोडल्या, खाली 'काल तपासले, चुकीची माहिती दिली होती, आजपासून सराव सुरू' असं लिहून सही केली आणि कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर वजनाखाली ठेवला. मग चारही खोळी काढून कपाटामागे टाकल्या. वीज होती. वेचायला न गेलेली अकरा मुलं गोळा झाली होती, त्यांना चपला-मातीसकट आत घेतलं. चारही संगणक सुरू करायला मुलांनाच लावलं. सर्वांत मागे उभी राहणारी मुलगी दुसऱ्या संगणकापुढे बसवली. तिने एक बोट उचललं, माझ्याकडे पाहिलं, कळ दाबली. पडद्यावर अक्षर उमटलं आणि तिच्या बोटाला कुंकू लागलं. ती हात धुवायला उठायला लागली.

"बस खाली," मी म्हटलं. "नाव पूर्ण कर आधी."