दुपारचे सत्तावीस अंश

एकोणीस वर्षं मी पुण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. नव्या माणसाला मी पहिली गोष्ट शिकवायचो ती म्हणजे बातमीतला 'म्हणे' खोडायचा. कोणी पाहिलं, किती वाजता पाहिलं, तिथे आणखी कोण होतं... एवढं सांगता येत नसेल तर ती बातमी नाही. या सदरात येतात तसले अनुभव माझ्या टेबलावर आले तर दुसऱ्या परिच्छेदापर्यंतही टिकायचे नाहीत. म्हणून खाली फक्त मी पाहिलेलं आणि त्या वेळी खोलीत असलेल्यांनी पाहिलेलं लिहितो आहे.

गेली सहा वर्षं आम्ही मस्कतला राहतो. अल मवालेहमध्ये, भाजीमार्केटच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. मी, बायको शुभदा, बारा वर्षांची सई आणि आई गेल्यापासून माझे वडील. बाबा साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन होते. वय अठ्ठ्याहत्तर.

घराला एकच एसी आहे. मशीन हॉलच्या छतात, तिथून सगळ्या खोल्यांत हवा जाते. हॉलच्या भिंतीवर थर्मोस्टॅट—हाताच्या पंज्याएवढी पांढरी डबी, आकडा दाखवणारी छोटी काच, खाली दोन बटणं. एरवी आम्ही तो तेवीसवर ठेवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत घर बंद करून भारतात जाताना सत्तावीस करून जातो. इथे बरेच जण असंच करतात. एसी पूर्ण बंद ठेवला तर महिनाभरात कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते. आमच्या घरात सत्तावीस या आकड्याचा अर्थ एकच: घरात कोणी नाही.

मे महिन्यात सई शाळेतून दोन-सव्वादोनला यायची तेव्हा घर तापलेलं असायचं आणि काचेवर सत्तावीस असायचं. ती तेवीस करायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा सत्तावीस. मी आणि शुभदा ऑफिसात, घरात सकाळपासून एकटे बाबा. बाबांना थंडी सहन होत नाही. त्यातून त्या महिन्यात त्यांनी दोनदा गॅस चालू ठेवला होता. संशय कोणावर जाणार?

"बाबा, गार वाटत असेल तर शाल देते," शुभदा म्हणाली. "पण मशीनला हात लावू नका."

"मी हात लावलेला नाही."

"मग काय पालीनं लावला?"

"पालीला विचार," बाबा म्हणाले. "आणि दुपारी वर काहीतरी जळतं. वास येतो. एक्स्चेंजमध्ये असा वास आला की आम्ही हातातला डबा ठेवून उठायचो."

शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत दुपारी आम्ही तिघं बाहेर असायचो; रोज संध्याकाळी घरी यायचो तेव्हा कसलाही वास नसायचा. मी स्टुलावर चढून एसीच्या छतातल्या जाळीपाशी नाक नेलं. काही नाही. आता वासाचेही भास व्हायला लागले, असं मी शुभदाला रात्री सांगितलं. घरमालकाच्या ऑफिसने दोन वेगवेगळे मेकॅनिक पाठवले. एकाने थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या बदलल्या. दुसऱ्याने बटणं दाबून पाहिली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "सर, मशीन ठीक है. घर में कोई बटन दबाता होगा."

मग मला बाबांच्या पलंगाशेजारचं कॅलेंडर दिसलं. मे महिन्याच्या पानामागे त्यांच्या बारीक अक्षरात नोंदी होत्या. '१.२० बंद. २.०५ चालू. हात लावला नाही.' खाली परत तेच. सलग नऊ दिवस.

इथे मी ती चूक केली जी मी कोणत्याही वार्ताहराला करू दिली नसती. करणाऱ्यालाच मिनिट माहीत असणार, असं मी ठरवलं. दुसरा कोणी साक्षीदार शोधला नाही. पुण्यात ज्येष्ठांसाठी एक निवास बघून ठेवला होता, तिथे फोन केला आणि बाबांचं पुढच्या गुरुवारचं तिकीट काढलं. फक्त जायचं, परतीचं नाही. त्यांना सांगितलं, पुण्यात तपासण्या करून घेऊ. त्यांनी फक्त "बरं" म्हटलं.

सईने मात्र जेवताना ताट ढकललं. "आजोबांनी टच पण नाही केलं. ते लाय नाही करत."

शनिवारी मी स्वतःच एक माणूस बोलावला. इस्माईलभाई, मूळचे श्रीवर्धनचे, बावीस वर्षं मस्कतला एसीचं काम करतात. बाबा जायच्या आधी बिघाड नाही याची खात्री करून घ्यावी, एवढाच हेतू होता. खरं सांगायचं तर पुरावा हवा होता.

ते साडेबाराला आले. हॉलमध्ये आम्ही पाच जण. बाबा खिडकीजवळच्या दिवाणावर, थर्मोस्टॅटपासून दहा-बारा फुटांवर. दुपारी ते तिथेच आडवे होतात, बरोबर मशीनच्या खाली.

इस्माईलभाईंनी डबीची काच, बटणं पाहिली. मग आधीच्या दोघांनी केलं नव्हतं ते केलं. स्क्रू काढून मागची पट्टीसुद्धा भिंतीवरून उतरवली. आणि तसेच उभे राहिले.

"साहेब, जरा इकडे या. ह्याला वायरच नाय."

भिंतीतून दोन वायरी आल्या होत्या, दोन्ही कापलेल्या, टोकांना काळी टेप, टेपवर भिंतीचा रंग. म्हणजे आम्ही राहायला येण्याच्याही आधीचं काम. इस्माईलभाईंनी घरमालकाच्या ऑफिसात फोन लावला, अर्धं हिंदी, अर्धं अरबी बोलले. कळलं ते असं: जुन्या दुरुस्तीत इमारतीतले सगळे थर्मोस्टॅट तोडले होते. तापमान छतातल्या मशीनमध्येच बांधून दिलं होतं. भिंतीवरच्या डब्या भोकं झाकायला तशाच ठेवल्या.

"म्हणजे सहा वर्षं आपण..." शुभदा म्हणाली.

"सहा वर्षं तुमी खेळणं दाबत होता, वहिनी. बॅटरीवर आकडा बदलतो, बाकी खलास."

त्यांनी डबी जेवणाच्या टेबलावर उताणी ठेवली, दोन्ही बॅटऱ्या काढून माझ्या हातात दिल्या. काचेवरचं तेवीस गेलं, काच कोरी झाली. मी सवयीने घड्याळ पाहिलं: एक वाजून नऊ मिनिटं. मग शुभदाने सगळ्यांना सरबत दिलं. इस्माईलभाई बाबांना श्रीवर्धनच्या सुपारीबद्दल सांगत होते. टेबलाजवळ कोणी नव्हतं.

एक वीसला छतातला आवाज थांबला.

आम्ही सगळ्यांनी आधी वर पाहिलं. टेबलाकडे सईचं लक्ष गेलं. तिने बोट केलं.

काचेवर सत्तावीस होतं.

अंधूक नाही, लुकलुकणारं नाही. रोज दिसायचं तसं. बॅटऱ्या माझ्या मुठीत होत्या; मी मूठ उघडून पाहिल्या. इस्माईलभाईंनी ग्लास खाली ठेवला आणि डबीपासून दोन पावलं मागे सरकले. बावीस वर्षं हे काम करणारा माणूस मागे सरकला, हे मी मुद्दाम नोंदवतो. शुभदाने सईला जवळ ओढलं. 

बोलले ते बाबा. दिवाणावरून, शांतपणे. "तिकडे काय बघताय? वर बघा. वास येतोय."

या वेळी मलाही आला. जळक्या प्लास्टिकचा.

इस्माईलभाईंनी मेन स्विच पाडला, शिडी लावली, छताचा चौकोन उघडला. आतल्या पंख्याला वीज देणारा जोड वितळून काळा झाला होता. शेजारी उष्णता अडवायला घातलेल्या, धूळभरल्या कापसाची कड करपलेली. दुपारी मशीनवर भार आला की जोड तापायचा, सुटायचा. थंड झाला की पुन्हा चिकटायचा. संध्याकाळपर्यंत वास जायचा. "काका नशीबवान," ते शिडीवरूनच म्हणाले. "सुटला नसता तर पेटला असता. खाली दिवाणच आहे."

म्हणजे मशीन का थांबायची, याचं कारण सापडलं. सलग इतके दिवस एक वीसलाच का, याचं नाही. आणि काचेवरच्या आकड्याचं तर मुळीच नाही. मी विचारल्यावर इस्माईलभाई म्हणाले, बॅटरी काढल्यावर अर्धा मिनिट आकडा टिकू शकतो. पण तो आधी गेला होता, अकरा मिनिटांनी आला, आणि बॅटऱ्या काढताना काचेवर तेवीस होतं. ते आम्ही पाचही जणांनी पाहिलं होतं. मेन स्विच बंद असतानाही सत्तावीसचा आकडा तसाच होता. दोन पाचला गेला.

संध्याकाळी मी बाबांजवळ बसलो. शब्द जुळवत होतो.

"तिकीट रद्द केलंस का?" त्यांनीच विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दार उघडं ठेवून बोलता तुम्ही दोघं. निवासाचं नावही कळलं मला." मग म्हणाले, "गॅस दोनदा राहिला, ते खरं आहे. ते मी केलं. हे नाही."

मी माफी मागितली. त्यांनी सईला चहा टाकायला सांगितला आणि मला गॅसकडे लक्ष ठेवायला.

जोड बदलल्यापासून एसी एकदाही थांबलेला नाही. दोन इंजिनिअर मित्रांना मी सगळं सांगितलं. एक म्हणाला, आत चार्ज साठला असेल. पण चार्जने आधीचं तेवीस यायला हवं होतं, सत्तावीस नाही. दुसऱ्याने विषय बदलला. डबी माझ्या खणात आहे, बॅटऱ्यांशिवाय. किती तरी दुपारी एक वीसला मी ती उघडून पाहिली. कोरी असते.

जूनमध्ये आम्ही चौघं भारतात आलो, परतीचं तिकीटही चौघांचं काढून. निघताना दिवे बंद करून माझा हात सवयीने भिंतीकडे गेला. तिथे आता नुसतं पांढरं झाकण आहे. मागे बाबा बूट घालत होते. "राहू दे," ते म्हणाले. "घरात कोणी नाही हे त्याला कळतं."

ते थट्टेत म्हणाले की नाही, मी विचारलं नाही. या सगळ्या प्रकरणात पूर्ण तपासलेलं असं एकच वाक्य माझ्याकडे आहे, कॅलेंडरच्या पानामागचं: हात लावला नाही.