लग्नाळूंची हार्डडिस्क

आबांचा शुक्रवारी दुपारी ऑफिसात फोन आला. "कॉम्प्युटर जातोय असं वाटतंय. उद्या यायला जमंल का?" आवाज इतका खोल गेलेला की मी हातातलं काम सोडून उभीच राहिले. स्वतःचा रक्तदाब वाढला होता तेव्हासुद्धा त्यांनी मला आठवडाभर कळवलं नव्हतं.

मी बारामतीत एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस तो दुरुस्तही करू शकतो, असा आबांचा पक्का समज होता. शिवाय माझ्या टेबलाशेजारी कॉलेजचा दुरुस्तीवाला बसायचा, त्याचं बघून बघून थोडंफार मला येतही होतं. शनिवारी सकाळच्या एसटीने मी निमगाव केतकीला माहेरी गेले.

आबा, म्हणजे माझे वडील, गावच्या हायस्कूलमध्ये क्लार्क होते. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून गावातल्या पोरापोरींचे लग्नाचे बायोडाटा फुकट करून द्यायला लागले. वर गणपती, उजवीकडे फोटो, खाली मामाचं गाव. एकाचं बघून दुसरा आला आणि पंधरा वर्षांत आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरचे झाडून सगळे लग्नाळू त्या डेस्कटॉपमध्ये जमा झाले.

मी पोचले तेव्हा शेजारच्या मावशी मुलाचा फोटो घेऊन खुर्चीवर बसलेल्या होत्या. "सकाळी आठला बटन दाबलंय," त्या म्हणाल्या. "मधी जाऊन भाकऱ्या करून आले." मशीनमधला पंखा मळणी यंत्रासारखा घरघरत होता. पडद्यावर फायली इतक्या, की मागच्या लक्ष्मीच्या फोटोतलं नुसतं एक पाऊल दिसत होतं.

मी मशीन बंद केलं, वायरी काढल्या आणि डबा अंगणात आणून उघडला. आत हळद, कुंकू, झेंडूच्या पाकळ्या आणि मूठभर तांदूळ. मुंग्यांनी तिथं संसार थाटलेला.

"आई, हे काय?"

"दसऱ्याची पूजा," आई म्हणाली. "मग काय नुसत्या झाकणाची करायची व्हय?"

आबांनी सायकलचा पंप आणला. मी नळी पंख्यापाशी धरली आणि त्यांनी सगळा जोर लावून दट्ट्या दाबला. पंधरा दसऱ्यांची हळद एका दमात माझ्या तोंडावर आली. मावशी पदरात तोंड घालून हसायला लागल्या. "अगं, तुला परत हळद लागली की! जावयाला कळवा कुणीतरी!"

तोंड धुऊन आले आणि आतली मेमरीची पट्टी काढली. तिच्या सोनेरी दातांवर काळपट थर चढला होता. तो खोडरबराने घासायचा, हे मी आमच्या दुरुस्तीवाल्याकडून शिकले होते. आबा चष्मा सावरत वाकून बघत होते.

"ही पट्टी कसली?"

"मेमरी."

"आन् तू ती खोडरबरानं पुसतीस?" आबा ओरडलेच. "मग आत राहिलं काय!"

त्यांची समजूत काढण्यात दहा मिनिटं गेली. डबा बंद केल्यावर एक स्क्रू जास्तीचा उरला, तो मी गुपचूप खिशात टाकला. मशीन सुरू झालं. घरघर थांबली होती, पण वेग तोच, बैलगाडीचा. मग खरं दुखणं सापडलं. डिस्क काठोकाठ भरली होती. प्रत्येक फोटो मोबाइलमधून आलेला, हा एवढा मोठा, आणि प्रत्येक माणसाच्या तीन-तीन फायली. 'फायनल', 'फायनल खरी' आणि 'फायनल आईने सांगितल्यावर'.

"आबा, ह्यातल्या काढून टाकाव्या लागतील."

"फायली न्हाईत त्या, माणसं हायत," आबा म्हणाले.

शेवटी तडजोड झाली. ज्यांची लग्नं झाली त्यांच्या फायली पेनड्राइव्हवर हलवायच्या, बाकीच्यांना हात लावायचा नाही. मी माउस धरला आणि आई, आबा, मावशी माझ्या मागे ओळीने बसले.

"ह्याचं झालं. दोन पोरं हायत. काढ."

"ह्याचं मोडलं. राहू दे."

"ही पळून गेली," मावशी म्हणाल्या.

"मग झालंच की लग्न," आई म्हणाली. "काढ तिला."

एका नवरदेवाच्या दोन फायली निघाल्या. दोन्हींमध्ये चार वर्षांचं अंतर होतं, वय मात्र दोन्हींत अठ्ठावीस. मी आबांकडे बघितलं. "त्याच्या आईनं सांगितलं तसं लिवलं," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागले.

कन्हेरी गावच्या एकाबद्दल कुणालाच नक्की माहीत नव्हतं. आबांनी सरळ फोन लावला. "लग्न झालं का रं तुझं? न्हाय, तसं काय न्हाय, तुला कॉम्प्युटरमधून काढायचाय." पलीकडून तो इतक्या कळवळून बोलला की आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं. "आबा, तेवढं काढू नका! एक स्थळ चाललंय!" त्याला राहू दिलं.

दुपार कलली आणि अगदी तळाशी माझीच फाईल निघाली. उंची पाच फूट चार. मी पाच फूट एक आहे. स्वभाव: शांत व मितभाषी. छंद: भरतकाम.

"आबा, मी कधी सुई तरी हातात धरलीय का?"

"तवा घाई होती," ते म्हणाले.

लग्नाला तेरा वर्षं झाली, म्हणजे नियमाप्रमाणे मीही पेनड्राइव्हवर जायला हवं होतं. मी फाईल निवडली, तर आबांनी हळूच माझ्या हातावर हात ठेवला. "राहू दे. अशी किती जागा खातीय?" मी पुढच्या फायलीवर गेले.

संध्याकाळपर्यंत अर्धी डिस्क मोकळी झाली. मशीन सुरू होताना आपोआप उठून बसणारे नको ते प्रोग्रॅम मी बंद केले. आता ते तीन मिनिटांत सुरू व्हायला लागलं. मावशींच्या मुलाचा बायोडाटा छापून निघाला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून वाचला आणि उंची एक इंचानं वाढवून मागितली.

पंधरा दिवसांनी आबांचा फोन. "परत तसंच झालंय गं."

गेले. डिस्क पुन्हा काठोकाठ. आबांनी पेनड्राइव्हवरची सगळी लग्न झालेली माणसं परत आत आणून ठेवली होती.

"एवढीशी वस्तू ती. हरवली म्हंजी?" ते म्हणाले. मग जरा थांबून, "आन् त्यातल्या दोघांचं पटंना झालंय. लागंल परत."

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पुढच्या खेपेला मी बारामतीहून मोठी, नव्या तऱ्हेची, वेगवान डिस्क घेऊन गेले आणि झालेले, न झालेले, मोडलेले, सगळे तिच्यावर चढवले. बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात पडदा उजळला आणि फायली रांगेने उभ्या राहिल्या.

आबांनी पडद्याकडे बघितलं, मग डब्याकडे, मग माझ्याकडे.

"एवढ्या घाईत," त्यांनी विचारलं, "कुणी मागं राहिलं तर न्हाय ना?"