भित्रीच्या हातची संत्री

"पान आहे वहिनी ते, आरसा नाही. किती वेळा बघशील?"

"भाऊजी, रोपं आत घ्या."

"आत? सकाळपासून उचलून उचलून दारात मांडली, आता पुन्हा आत? दादा गाडी घेऊन आला की त्याला काय सांगू, वहिनीला पान चावलं?"

दीर स्वतःच्याच विनोदावर हसला. तिला हसू येईना. हातातलं पान तिनं मधल्या शिरेवर दुमडलं, उजेडासमोर धरलं आणि पुन्हा उलगडलं. पिवळा डाग एका बाजूला टोकाशी होता, दुसऱ्या बाजूला देठाशी.

"रोप उपाशी असलं ना, तर पान दोन्हीकडं सारखं पिवळं पडतं. रोग असला की वेगवेगळं. हे बघा, हे जुळतंय का?"

"माझं तोंड दुमडून बघ. तेही जुळायचं नाही."

शेडच्या कोपऱ्यात उलट्या क्रेटवर बसून सासू पिशव्यांत माती भरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "हिला भ्यायला काहीतरी लागतंच. अन्नासारखं."

खोटं नव्हतं ते. लग्न होऊन आली तेव्हा ती बेडकाला भ्यायची, विहिरीला भ्यायची, सासूच्या खोकल्यालासुद्धा दचकायची. घरात तिचं नावच पडलं भित्री. पण सासूनं तिच्या हातात सुरी दिली, डोळा भरायला शिकवलं, आणि त्या भित्रेपणाचं सोनं झालं. खुंटाच्या, म्हणजे खालच्या रानटी रोपाच्या, सालीला चीर द्यायची, गोड झाडाच्या काडीवरचा डोळा अलगद काढून त्या चिरेत बसवायचा, वरून पट्टी बांधायची. बाकीचे बांधून मोकळे व्हायचे. हिला धीर निघायचा नाही. चीर जास्त खोल तर गेली नाही, डोळा उलटा तर बसला नाही, असं करत ती बांधलेलं सोडायची, बघायची, पुन्हा बांधायची. इतरांचे डोळे वाळून जात, हिचे फुटत. गिऱ्हाईक दारात येऊन म्हणू लागलं, भित्रीच्या हातची संत्री द्या.

आजची रोपं मात्र गिऱ्हाइकाची नव्हती. तिच्या थोरल्या बहिणीची होती. बहिणीनं म्हातारी बाग मुळासकट काढली होती, खड्डे खणून ठेवले होते, आणि रोज फोनवर एकच पालुपद लावलं होतं, "तुझ्याच हातची लावीन. दुसऱ्याची नको."

हा रोग काही लगेच झाड मारत नाही. बहीण पाणी घालील, खत घालील, लेकरासारखं करील. फळ धरायच्या वेळी झाडं एकेका बाजूनं वाळू लागतील. तोवर शेजारच्या बागाही गेलेल्या असतील.

"वहिनी, बाकीची हिरवीगार आहेत की. पिवळी तेवढी काढ."

"एकाच झाडाच्या काड्यांवरचे डोळे आहेत सगळे. आज ह्याच्यात दिसलं, उद्या त्याच्यात दिसेल."

"मग आईझाडच रोगी म्हण ना."

ज्या झाडाच्या काड्या, ते आईझाड. त्यांचं आईझाड उतारावर, विहिरीच्या अंगाला होतं. आजवर विकलेलं एकूण एक रोप त्याचंच. ते रोगी निघालं तर किती जणांच्या बागांत आपण हा रोग नेऊन लावला, ह्या विचारानं ती सकाळीच उतार उतरून गेली होती. तिथं तिनं फांदी वाकवून वाकवून पानं दुमडून पाहिली होती. सगळी स्वच्छ.

मग हे आलं कुठून?

उत्तर तिच्या समोरच होतं, पण तिकडं बघायला मन धजेना. घरात एक रीत होती. काड्या फक्त सासूनं कापायच्या. ती एकटी जायची, ओल्या फडक्यात गुंडाळून आणायची, सुनेच्या मांडीवर ठेवायची. कोणत्या झाडाच्या, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. विचारायचं कारणच नव्हतं. पण ह्या वर्षी सासूचे गुडघे धरले होते. उंबरा ओलांडायला तिला चौकट लागायची. आणि वर बांधाला, सपाटीवर, त्याच जातीचं एक झाड होतं. परवापरवापासून एका अंगानं वाळत चाललेलं.

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

"आला दादा," दीर म्हणाला. आता त्याचाही आवाज जरा उतरला होता. "बोल लवकर. चढवू का नको?"

ती सासूसमोर जाऊन खाली बसली. आयुष्यात पहिल्यांदाच ती सासूला जाब विचारणार होती, आणि मनातल्या मनात विनवत होती की चूक आईंचीच निघू दे. म्हणजे ही एवढीच रोपं जाळावी लागतील.

"आई, रागावू नका. यंदाच्या काड्या विहिरीकडच्याच ना?"

सासूचा मातीतला हात थांबला.

"आई, उतार उतरला होता ना तुम्ही?"

हॉर्न पुन्हा वाजला. दीर हातात रोप धरून तसाच उभा राहिला.

सासूनं अर्धी भरलेली पिशवी बाजूला ठेवली. हात झटकले. शेडच्या खांबाला धरून उठली, मांडून ठेवलेल्या रोपांच्या मधून, एकाही पानाला धक्का लागू न देता, एक पाय ओढत दाराबाहेर पडली आणि वर बांधाच्या सपाट वाटेनं निघून गेली.